उतारवयातील अक्षर

नोव्हेंबर महिना लागला की सरकारी निवृत्तिवेतन घेणाऱ्या वृद्धांची पावले बँकेकडे वळू लागतात. आपण हयात आहोत, हे त्यांना वर्षातून एकदा कागदोपत्री सिद्ध करावे लागते. भिलाईसारख्या गावी, जेथे एका पोलाद कारखान्याभोवती अवघे शहर उभे राहिले आणि त्या शहराची पहिली पिढी आता ऐंशीच्या पलीकडे पोहोचली आहे, तेथे तर सह्यांचा हा प्रसंग कोणत्याही महिन्यात, कोणत्याही खिडकीपाशी पाहावयास मिळतो. वृद्ध गृहस्थ कागदावर सही करतात. खिडकीमागचा तरुण कारकून ती सही पाहतो, मग समोरच्या पडद्यावरील जुनी सही पाहतो, पुन्हा कागदाकडे वळतो आणि अदबीने म्हणतो, "बाबूजी, दस्तखत नहीं मिल रहा है." वृद्ध गृहस्थ पुन्हा सही करतात. या खेपेस ते अधिक जपून करतात. आणि जितके अधिक जपावे तितकी ती जुन्या सहीपासून दूर जाते.

जुनी सही त्यांचीच असते आणि नवीही त्यांचीच. मध्ये चाळीस वर्षे गेलेली असतात, एवढाच काय तो फरक. परंतु या फरकापायी स्वतःच्या कष्टाचे पैसे अडकून पडतात, आणि आपणच आपली नक्कल करीत आहोत की काय, अशा संशयाच्या नजरेखाली माणसाला उभे राहावे लागते. माणसाचे अक्षर त्याचेच खरे; पण ते किती काळ त्याचे राहते? हा प्रश्न बँकांनी निर्माण केला, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः मराठी लेखनाच्या इतिहासात तो फार जुना आहे, आणि जुन्या लोकांनी त्याची जी उत्तरे काढली, ती आजच्या उत्तरांहून काही बाबतींत अधिक शहाणपणाची होती.

या प्रश्नाचा विचार भिलाईपासून आरंभावा, याला कारण आहे. हा मुलूख मराठी लेखणीला अपरिचित नव्हे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर बंगालच्या मोहिमेवर निघाले, तेव्हा वाटेत त्यांनी रतनपूरचे हैहय राज्य जिंकले. पुढे १७५८ मध्ये रघूजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी रतनपुरास येऊन राहिले आणि १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी छत्तीसगडचा कारभार पाहिला. त्यांच्याबरोबर या प्रदेशात मराठी भाषा आली आणि दप्तरासाठी मोडी लिपी आली. त्यानंतर सुभेदारांचा अंमल झाला, १८१८ ते १८३० इंग्रज अधिकाऱ्यांची देखरेख झाली, पुन्हा भोसले आले आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. कचेरीची भाषा यथाकाल बदलली. तथापि १९५५ च्या २ फेब्रुवारीस भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या कारखान्याचा करार झाला, त्या दिवशी भिलाई ज्या राज्यात होती त्या जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूरच होती. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना होऊन नागपूर मुंबई राज्यात गेले आणि भिलाई नव्या मध्यप्रदेशात राहिली. २००० पासून ती छत्तीसगड राज्यात आहे. सीमा हलल्या, पण नागपूर-दुर्गची आगगाडी तशीच चालू राहिली, आणि तिच्यातून उतरलेल्या तरुणांनी कारखान्याच्या कागदांवर आपापल्या सह्या केल्या.

१९५९ च्या ४ फेब्रुवारीस राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या काळात आणि पुढील दोन दशकांत तेथे भरती झालेला कामगार साऱ्या देशातून आलेला होता. कोणी देवनागरीत सही करी, कोणी तेलुगू, बंगाली वा ओडिया लिपीत. आणि कित्येकांना इंग्रजीत आपल्या नावाखेरीज दुसरे काही लिहिता येत नसताही ते इंग्रजीतच सही करीत. वाचण्यासाठी नव्हे तर केवळ ओळखण्यासाठी शिकलेली अशी सही म्हणजे अक्षर नव्हे, एक प्रकारचे चित्रच. ते चित्र हाताला सवय असेतो तसेच उतरते. सवय मोडली की त्याचा आधार सुटतो. कारण त्याच्यामागे त्या लिपीतील लेखनाचा रोजचा सराव नसतो. उतारवयात अशाच सह्या आधी बिघडतात, यात नवल नाही.

अक्षर घडते कसे, हे पाहिल्याखेरीज ते बिघडते कसे हे कळावयाचे नाही. जुन्या पंतोजींच्या शाळेत मूल प्रथम धूळपाटीवर बोटाने वा काडीने अक्षरे गिरवी. मग लाकडी पाटी, मग कित्ता, आणि हात स्थिरावल्यावर बोरू आणि कागद. बोरू तासण्याची, त्याचे टोक तिरपे छाटण्याची कला ही लेखनाचाच भाग होती. टोक जसे छाटावे तसे अक्षर जाड-बारीक उतरे. या साऱ्या खटाटोपातून हाताला जे लागे त्याला मराठीत 'वळण' हा फार सुंदर शब्द आहे. मुलाच्या वागण्यालाही तोच शब्द आणि अक्षरालाही तोच. मोडीमध्ये ही वळणे नावानिशी प्रसिद्ध होती: चिटणिशी, बिळवलकरी, महादजीपंती, रानडी. एका घराण्यातून, एका दप्तरातून दुसऱ्या पिढीकडे वळण जाई, जसे आज एखाद्या गायकाचे घराणे जाते. मोडी लिहिताना हात कागदावरून सहसा उचलावयाचा नसतो. शिरोरेघ आधी ओढून घ्यावयाची आणि खाली अक्षरांची साखळी धावत न्यावयाची. तेव्हा या लिपीचा जीव वेगात होता. देवनागरी, म्हणजे बाळबोध, ही सावकाश आणि सुटी लिहावयाची. पोथीसाठी बाळबोध आणि व्यवहारासाठी मोडी अशी वाटणी त्यामुळेच पडली.

आता वेगावर उभे असलेले अक्षर हे वयाच्या हल्ल्याला सर्वांत आधी बळी पडणार, हे उघड आहे. तरुणपणी मनगट आणि बोटे एकमेकांना न विचारता चालतात. चाळिशी-पन्नाशीत अक्षर ठरून जाते. कामाच्या रेट्याने ते आखूड होते, कानामात्रा गळतात, सहीतील चार अक्षरांची एक रेघ होते. दररोज शेकडो कागदांवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याची सही त्याच्या पत्नीलाही वाचता येऊ नये, हा सरकारी कचेऱ्यांतील सार्वत्रिक अनुभव आहे. त्यानंतर सत्तरीच्या आगेमागे नजर अधू होते, सांधे धरतात, बोटांचा नेमकेपणा कमी होतो. रेघ एका दमात पुरी होत नाही. गोलाईच्या जागी लेखणी थबकते, उचलली जाते, पुन्हा टेकते. कधीकधी असेही होते की, वेग गेल्यामुळे आखूड झालेली सही पुन्हा सुटी आणि वाचनीय होते, आणि साठ वर्षांपूर्वीचा कित्ता तिच्यातून डोकावू लागतो.

हे सारे तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्यांनी ओळखले आणि त्यावर उपायही सांगितला ते म्हणजे समर्थ रामदास. 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेचा आहे. अध्यात्माच्या ग्रंथात बोरू, शाई आणि कागद यांची इतकी बारकाईने विचारपूस व्हावी, याचे प्रथमदर्शनी आश्चर्य वाटते. पण समर्थ ज्या जगात संप्रदाय उभारीत होते तेथे छापखाना नव्हता, आणि ग्रंथ टिकणे म्हणजे नक्कल करणाऱ्याचा हात टिकणे होते. अक्षर वाटोळे आणि मोकळे असावे, ओळी सरळ असाव्यात, कागदाच्या चारही बाजूंस मोकळी जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर झडावयाचे नाही. ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सारे एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, असे त्यांचे सांगणे आहे. आणि याच ओघात ते वयाचा मुद्दा काढतात. कोवळ्या वयाच्या माणसाने जपून लिहावे, लोकांना मोह पडेल असे लिहावे, हे तर ते सांगतातच. परंतु तरुणपणी फार बारीक अक्षर काढू नये, कारण ते म्हातारपणी उपयोगी पडत नाही, म्हणून मध्यम अक्षराची सवय करावी, असा स्पष्ट इशाराही देतात.

या एका सूचनेत किती अनुभव साठला आहे, हे पाहण्यासारखे आहे. तरुण लेखकाला बारीक अक्षराची हौस असते. थोड्या कागदात पुष्कळ मजकूर बसतो आणि कसबही दिसते. पण आपण आज लिहिलेली पोथी उद्या आपणच वाचावयाची आहे आणि त्या वेळी आपले डोळे आजचे नसतील, हा विचार त्याच्या मनात येत नाही. मराठीत जवळच्या वाचनाच्या चष्म्याला 'चाळिशी' म्हणतात. डोळ्यांतील भिंगाची लवचीकता वयाच्या चाळिशीच्या सुमारास अपुरी पडू लागते, हे शास्त्र त्या शब्दातच भरलेले आहे. सतराव्या शतकात खेड्यापाड्यांतील पोथी वाचणाऱ्याजवळ अशी चाळिशी कोठून असणार? तेव्हा त्याची चाळिशी म्हणजे त्याने तरुणपणी काढलेले ठसठशीत अक्षर. समर्थांनी म्हातारपणाला दोष दिला नाही, की हाताला तरुण राहण्याची आज्ञा केली नाही. पुढे येणाऱ्या म्हातारपणाची सोय तरुणपणीच करून ठेवा, एवढेच सांगितले. निवृत्तिवेतनाची कल्पना याहून निराळी ती काय?

समर्थांच्या हातचे म्हणून जपलेले वाल्मीकिरामायणाचे हस्तलिखित धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. शंकर श्रीकृष्ण देव यांनी गावोगाव हिंडून समर्थ संप्रदायाची जी बाडे गोळा केली, त्यांतील हा मोलाचा ठेवा. परंपरेने ते समर्थांच्या टाकळीच्या तपश्चर्येच्या काळातील, म्हणजे ऐन तारुण्यातील मानले जाते. उलट 'दासबोध' समर्थांनी सांगावा आणि कल्याणस्वामींनी लिहावा, अशी कथा आहे. ही परंपरा धरून चालले, तर तरुणपणी स्वतः लिहिणे आणि प्रौढपणी तरुण शिष्याकडून लिहवणे, हा क्रमही त्याच उपदेशाला धरून होतो.

राज्यव्यवहारातही हीच रीत होती, आणि बँकेच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या वृद्धाच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची आहे. मराठेशाहीतील पत्रे सामान्यतः कारकुनाच्या हातची असत. मजकूर चिटणीस वा त्याच्या हाताखालचा लेखक लिही. आणि धनी, लिहिणारा असला तर, शेवटी 'बहुत काय लिहिणे' अशासारखे चार शब्द आपल्या हाताने घाली. वर शिक्का असे, शेवटी मोर्तब असे. म्हणजे पत्र खरे कशावरून, याचे उत्तर एका सहीवर टांगलेले नसून ते चार-पाच ठिकाणी वाटलेले होते: कारकुनाचे ओळखीचे वळण, मायन्याचा प्रकार, शिक्का, मोर्तब, पत्र आणणारा माणूस, आणि स्वदस्तुराचे ते चार शब्द. धन्याचा हात म्हातारा झाला, कापू लागला, तरी बाकीचे चार साक्षीदार शाबूत असत. आज आपण त्या सर्वांना रजा देऊन एकट्या सहीला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे.

आणि ज्यांना लिहिताच येत नव्हते त्यांचे काय? गावच्या महजरांवर आणि खरेदीखतांवर त्यांच्या निशाण्या आहेत. पाटलाच्या नावापुढे नांगर काढलेला असे, स्त्रीच्या नावापुढे बांगडी, आणि बलुतेदाराच्या नावापुढे ज्याच्या त्याच्या धंद्याचे हत्यार. ही चित्रे पुष्कळदा कागद लिहिणारा कुळकर्णीच काढी. निशाणी कोणाची हे ठरे ते भोवती बसलेल्या गोताच्या साक्षीने. म्हणून निशाणीला म्हातारपण नव्हते. ऐंशी वर्षांच्या पाटलाचा नांगर आणि वीस वर्षांच्या पाटलाचा नांगर यांत कोणी फरक शोधीत बसत नसे. निरक्षर माणसाला त्याचे गाव ओळखत होते; साक्षर माणसाला मात्र पुढे त्याच्या अक्षराने ओळखावे लागले. साक्षरतेने माणसाला पुष्कळ दिले, पण हा एक जाचही दिला.

जुन्या कागदांचे संशोधन करणाऱ्यांना अक्षराच्या वयाचा उपयोगही झाला आहे. पेशवेकालीन पत्रांवर तिथी असते, महिना असतो, पण वर्ष बहुधा नसते. अशा पत्राचा काळ ठरविताना मजकुरातील प्रसंग, माणसांची नावे, मोहिमेचा मुक्काम हे तर पाहिले जातेच. पण ज्या कारकुनाची शेकडो पत्रे ओळखीची आहेत त्याचे अक्षर या पत्रात कोणत्या अवस्थेत आहे, हाही एक पुरावा ठरू शकतो. येथे अक्षराचे बदलणे हा दोष राहत नाही. बँकेला जी अडचण वाटते ती इतिहासकाराला तारीख सांगते.

अक्षर या शब्दाचा मूळ अर्थ 'जे झिजत नाही ते'. तत्त्वज्ञांनी तो परब्रह्माला लावला. हाताच्या अक्षराला तो लागू पडत नाही, हे आधुनिक न्यायालयांना लवकरच कळून आले. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने हस्ताक्षर सिद्ध करण्याच्या तीन वाटा सांगितल्या: ४५ व्या कलमान्वये तज्ज्ञाचे मत, ७३ व्या कलमान्वये न्यायालयाने स्वतः केलेली तुलना, आणि ४७ व्या कलमान्वये त्या हस्ताक्षराशी परिचित असलेल्या माणसाची साक्ष. परिचित कोणाला म्हणावे, हेही कलमाने सांगितले आहे: ज्याने त्या व्यक्तीला लिहिताना पाहिले आहे, ज्याला तिच्याकडून पत्रांची उत्तरे आली आहेत, अथवा ज्याच्या नजरेखालून तिचे कागद नित्याच्या कामकाजात जात आले आहेत. १ जुलै २०२४ पासून या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली असली तरी या तिन्ही वाटा त्यात कायम आहेत. त्यांतील परिचिताची वाट सर्वांत मराठमोळी म्हणावी लागेल. तज्ज्ञ दोन सह्या शेजारी ठेवून पाहतो. परिचिताने मधल्या सर्व सह्या पाहिलेल्या असतात. त्याच्या डोळ्यांदेखत ते अक्षर म्हातारे झालेले असते.

तज्ज्ञाचे काम याहून कठीण आहे, आणि त्या कठीणपणात एक विचित्र विरोध दडला आहे. बनावट सही करणारा माणूस सावकाश लिहितो, मध्येच थांबतो, लेखणी उचलतो. त्याची रेघ कापरी दिसते. म्हाताऱ्या माणसाची खरी सहीही तशीच दिसते. अमेरिकेतील आल्बर्ट ऑस्बर्न यांनी १९१० मध्ये संशयास्पद दस्तऐवजांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात लबाडीचा कंप आणि वार्धक्याचा कंप यांतील भेद ओळखण्यावर भर दिला आहे. म्हातारा हात कापतो, पण तो निःशंकपणे कापतो. त्याला कोणापासून काही लपवावयाचे नसते. त्याची रेघ वाकडी गेली तरी तो ती पुन्हा गिरवून सुधारीत नाही. लबाड हात मात्र नमुन्याकडे पाहत पाहत चालतो आणि चुकलेली जागा डागडुजी करून झाकतो. यावरून एक गोष्ट ध्यानी येईल. खिडकीपाशी ज्या वृद्धाला "नीट सही करा" असे सांगितले जाते, त्याला आपण नकळत लबाड हाताप्रमाणे वागावयास लावीत असतो: जुन्या नमुन्याकडे पाहा, थांबत थांबत काढा, दुरुस्त करा. मग त्याची खरी सही अधिकच खोटी दिसू लागते.

काही कंप वयाचे नसून रोगाचे असतात. जेम्स पार्किन्सन या इंग्रज वैद्याने १८१७ मध्ये कंपवातावर जो निबंध लिहिला, त्यात लिहिताना हात मनाच्या आज्ञेप्रमाणे नेमका चालेनासा होतो, हे लक्षण नोंदले आहे. या व्याधीत पुष्कळदा अक्षर लहान लहान होत जाते. ओळीच्या आरंभी जे वाटाण्याएवढे, ते शेवटी मोहरीएवढे. उलट, ज्याला केवळ हात थरथरण्याची व्याधी आहे त्याचे अक्षर मोठे आणि लाटालाटांचे होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच टाकाचे अक्षर हवे, हा समर्थांचा आदर्श येथे मोडतो, आणि तो मोडलेला पाहून वैद्य निदान करतो.

अक्षर बिघडते, तसे ते मोठेपणी सुधारतही नाही काय? याविषयी महात्मा गांधींची कबुली प्रसिद्ध आहे. लहानपणी त्यांचा असा समज होता की, चांगले हस्ताक्षर हा शिक्षणाचा आवश्यक भाग नव्हे. पुढे दक्षिण आफ्रिकेत तेथील वकिलांची आणि तरुणांची मोत्यासारखी अक्षरे पाहून ते लाजले. त्यांनी सुधारण्याचा यत्न केला, पण वेळ निघून गेली होती. मुलांना अक्षरे शिकविण्यापूर्वी चित्रकला शिकवावी, असे त्यांनी आत्मकथेत सांगितले ते या अनुभवावरून. तरीही हाताचा हट्टीपणा पुरा खरा मानू नये. १९०९ मध्ये बोटीवर 'हिंद स्वराज्य' लिहिताना उजवा हात थकला, तेव्हा काही पाने त्यांनी डाव्या हाताने लिहून काढली. त्या वेळी ते चाळीस वर्षांचे होते. डाव्या हाताच्या त्या पानांवरचे अक्षर निराळे आहे, आणि ती पाने गांधींची नव्हेत असे कोणी म्हणत नाही.

हात बदलतो, तर मग न बदलणारे काय? या शोधाचे मूळही आपल्याच देशात आहे आणि त्याचाही संबंध निवृत्तिवेतनाशी आहे. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने रस्त्याच्या सामानाचा एक करार केला आणि राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा कराराच्या पाठीवर उठवून घेतला. हेतू एवढाच की, पुढे त्याने सही नाकारू नये. परंतु हर्शेलला या ठशांचा छंदच लागला. त्याने स्वतःच्या बोटांचे ठसे घेतले आणि कित्येक वर्षांनी पुन्हा घेतले, रेषा तशाच. १८७७ मध्ये हुगळी येथे असताना त्याने ही पद्धत दस्तनोंदणीत, तुरुंगात आणि निवृत्तिवेतन घेणाऱ्यांसाठी लागू केली. कारण पेन्शनर मेल्यावरही त्याच्या नावाने कोणी पैसे उचलीत असल्याचा संशय त्याला होता. पुढे फ्रान्सिस गाल्टनने १८९२ च्या आपल्या ग्रंथात हर्शेलचे जुने-नवे ठसे तपासून ठशांचे टिकाऊपण सिद्ध केले, आणि १८९७ मध्ये कलकत्त्यास अंगुलिमुद्रा कार्यालय निघाले. तेथे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी वर्गीकरणाच्या कामी जे परिश्रम घेतले, त्यांचे श्रेय बराच काळ त्यांच्या वरिष्ठाच्या नावे जमा होते, हेही सांगितले पाहिजे.

म्हणजे निरक्षरतेचा डाग मानलेला अंगठा सहीपेक्षा भरवशाचा ठरला. २०१४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने बोटांच्या ठशावरून हयातीचा दाखला देण्याची सोय सुरू केली, तेव्हा हर्शेलची हुगळीतील कल्पनाच यंत्रावर चढली. परंतु भिलाईसारख्या ठिकाणी याही वाटेत अडचण आहे. ज्याने आयुष्य विटा, चुना, वंगण आणि तापलेले लोखंड हाताळण्यात घालविले, त्याच्या बोटांवरील रेषा घासलेल्या असतात. शिवाय वयाबरोबर कातडी कोरडी आणि सैल होते. रेषांची मांडणी बदलत नाही हे खरे, पण यंत्राला ती दिसावी लागते. काचेवर अंगठा दाबून धरलेला असतो आणि यंत्र पुन्हा पुन्हा नकार देते. २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय आली, ती अशाच हातांसाठी फार उपकारक ठरली आहे.

एवढे झाल्यावर रिझर्व्ह बँकेचा एक नियम वाचताना मौज वाटते. जो वृद्ध वा आजारी खातेदार धनादेशावर सही करू शकत नाही, त्याच्या हाताच्या वा पायाच्या अंगठ्याचा ठसा घ्यावा. तोही शक्य नसेल तर त्याची नुसती खूण चालेल. मात्र ओळख पटविण्यास दोन साक्षीदार हवेत आणि त्यांतील एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा. हा नियम म्हणजे महजरावरील 'निशाणी नांगर' होय. सही, मग ठसा, मग खूण, आणि शेवटी भोवतालची माणसे: अडीचशे वर्षांचा प्रवास उलट्या दिशेने करून कायदा पुन्हा गावच्या गोतापाशी येऊन उभा राहिला. दुर्दैव एवढेच की, हा नियम खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला सहसा ठाऊक नसतो, आणि खिडकीमागच्या माणसाला तो दर खेपेस आठवतोच असे नाही.

नमुना सही दर दहा वर्षांनी नव्याने घ्यावी, जुनी तशीच राहू द्यावी आणि दोन्हींवर तारीख असावी, एवढे केल्याने कोणते आकाश कोसळणार आहे? छायाचित्र जुने झाले म्हणजे पारपत्रासाठी नवे मागतात. चेहरा बदलतो हे राज्ययंत्रणेला मान्य आहे. हातही चेहऱ्यासारखाच आहे.

भिलाईच्या त्या खिडकीपाशी, कारकून समजूतदार असला तर, अखेर असेच होते. तो आत जाऊन एका जुन्या सहकाऱ्याला घेऊन येतो. सहकारी वृद्ध गृहस्थांना पाहताच नमस्कार करतो, कोणत्या विभागात होता ते विचारतो, आणि कारकुनाला मान डोलावून खूण करतो. नमुना सहीचे कोरे पत्रक पुढे येते. त्यावर तीन चौकोन असतात. वृद्ध गृहस्थ चष्मा पुसून घेतात आणि तीन सह्या करतात. पहिली दुसरीसारखी नसते आणि तिसरी पहिल्या दोन्हींसारखी नसते. कारकून तिन्ही सह्यांकडे एकवार पाहतो, काही बोलत नाही, आणि खाली त्या दिवसाची तारीख घालतो.